अणुभट्टी, युरेनियम आणि काकांचा प्रश्न : नुकसान झालं तर भरणार कोण?

यंदा शिमग्याला गावी गेलो होतो. पालखी घरी येऊन गेली, जेवणं झाली आणि पडवीत जरा पाठ टेकली तर काकांनी विषय काढला. काकांची हापूसची सव्वाशे कलमं आहेत राजापूर तालुक्यात, त्यामुळे जैतापूर अणुप्रकल्पासाठी घेतलेल्या माडबनच्या सड्यावर काय चाललंय याकडे त्यांचं गेली वीस वर्षं बारीक लक्ष असतं. म्हणाले, "अरे, त्या अणुभट्ट्या आता खाजगीवाल्यांना दिल्या म्हणतात, खरं काय? आणि काय झालंच तर भरणार कोण?"

मी म्हटलं, "काका, पहिल्याचं उत्तर एका वाक्यात देतो, दुसऱ्याला वेळ लागेल." तो वेळ काढून हे लिहितोय, कारण फॅमिली ग्रुपवर या विषयावर जे फॉरवर्ड येतात ते एकतर "भारत महासत्ता" छापाचे नाहीतर "कोकणाचं हिरोशिमा होणार" छापाचे, आणि दोन्ही वाचून माणूस आधी होता त्यापेक्षा जास्त गोंधळतो.

## आधी बातमी काय आहे

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' नावाचा कायदा पास केला. (इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं ओढूनताणून जुळवून केलेलं नाव आहे, ते सोडून द्या.) या कायद्याने दोन जुने कायदे मोडीत काढले, एक १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि दुसरा २०१० चा, अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची ते ठरवणारा. आत्तापर्यंत आपल्याकडे अणुवीज बनवणं म्हणजे फक्त सरकारी कंपन्यांचं काम होतं, आता खाजगी कंपन्यांनाही लायसन्स घेऊन प्लांट उभारता आणि चालवता येणार. युरेनियम समृद्ध करणं, वापरलेल्या इंधनावर पुन्हा प्रक्रिया करणं, जड पाणी बनवणं ही नाजूक कामं मात्र सरकारने स्वतःकडेच ठेवलीयेत.

हे का केलं ते समजायला एकच हिशोब पुरे. आज देशात अणुविजेची क्षमता आहे साधारण ८,८०० मेगावॅट, एकूण विजेत तिचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ ला सुरू झाल्या, म्हणजे ५५-५६ वर्षांत आपण एवढं जमवलं. आणि २०२५ च्या बजेटमध्ये सरकारने टार्गेट जाहीर केलं २०४७ पर्यंत १ लाख मेगावॅट. अकरापटीच्या वर, तेही बावीस वर्षांत! एवढा पैसा सरकारकडे नाही, म्हणून खाजगीवाले, आणि ते यावेत म्हणून कायदा बदलला.

## युरेनियमचं काम नक्की काय असतं

खाणीतून काढलेलं युरेनियम म्हणजे खडेवाला तांदूळ समजा, फक्त उलटा, म्हणजे इथे खडेच जास्त आणि कामाचे दाणे कमी. हजार अणूंमधले जेमतेम सात अणू असे असतात की ज्यांना न्यूट्रॉन नावाचा बारीक कण धडकला की ते फुटतात आणि उष्णता देतात. त्यांना युरेनियम-२३५ म्हणतात. फुटताना ते आणखी दोन-तीन न्यूट्रॉन उडवतात, ते पुढच्या अणूंना धडकतात, आणि अशी साखळी चालू राहते.

गंमत अशी की उडालेला न्यूट्रॉन फार जोरात असतो आणि जोरात आलेला बॉल जसा हातातून निसटतो तसा तो अणूत बसतच नाही, त्याला हळू करावं लागतं, लॉलीपॉप कॅच कसा आपसूक हातात बसतो तसा. हळू करायला पाणी वापरतात. साधं पाणी वापरलं तर ते थोडे न्यूट्रॉन स्वतःच गिळून टाकतं, म्हणून मग कामाचे दाणे वाढवावे लागतात, हजारात सातचे तीस ते पन्नास करावे लागतात. याला म्हणतात समृद्ध युरेनियम. आणि जड पाणी, म्हणजे ज्यातला हायड्रोजन जरा वजनदार असतो ते, वापरलं तर ते न्यूट्रॉन फारसं गिळत नाही आणि हजारात सातवालं साधं युरेनियमही चालतं. भारताने बहुतेक भट्ट्या या जड पाण्याच्या बांधल्या कारण समृद्ध करायचं तंत्र आपल्याला कोणी देत नव्हतं. अलिबागला जाताना थळला खताचा कारखाना लागतो ना, त्याच्या शेजारीच जड पाण्याचा कारखाना आहे. लोक वर्षानुवर्षं बाजूने वरसोलीच्या बीचला जातात आणि पत्ता नसतो.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर पाणी उकळायला. खरंच. उष्णतेने वाफ करायची, वाफेने चक्र फिरवायचं, वीज काढायची, कोराडीला कोळशावर जे होतं तेच. फरक इंधनाच्या वजनात आहे. समृद्ध युरेनियमची बोटाच्या पेराएवढी गोळी साधारण एक टन कोळशाचं काम करते, आणि धूर शून्य. या विषयाचं जे काही आकर्षण आहे ते या एका ओळीत आहे.

## म्हणजे बॉम्बसारखी फुटू शकते का?

नाही. बॉम्बला कामाचे दाणे लागतात नव्वद टक्क्यांच्या वर, भट्टीत असतात जास्तीत जास्त पाच. तेवढ्यात बॉम्ब होऊच शकत नाही, मनात आणलं तरी.

पण धोका नाही असं नाही, तो वेगळा आहे आणि तो नीट समजून घ्या कारण इथे सरकारी पत्रकंही घाई करतात. बिडाचा तवा असतो बघा, गॅस बंद केला तरी त्यावर पुढची भाकरी करपते. अणुभट्टीचं तेच, पण तवा आपोआप थंड होत जातो, इथे इंधनाच्या आत नवी उष्णता तयार होतच राहते. साखळी थांबवली त्या क्षणीसुद्धा पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते, ती कमी कमी होत जाते पण दिवसच्या दिवस पाणी फिरवत राहावं लागतं. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंप झाला तेव्हा भट्ट्या बरोबर बंद पडल्या होत्या, सिस्टीमने आपलं काम केलं होतं. मागून त्सुनामी आली, पाणी फिरवणाऱ्या पंपांचे जनरेटर बुडाले, आणि तवा तापत राहिला. इंधन वितळलं, त्यातून हायड्रोजन निघाला आणि इमारतींची छपरं उडाली ती त्या हायड्रोजनमुळे.

त्सुनामीने १८ हजारांच्या वर माणसं नेली. किरणोत्सर्गामुळे गेलेला म्हणून जपान सरकारने आत्तापर्यंत मान्य केलेला मृत्यू मोजून एक. पण दीड लाखाच्या वर लोकांना घरदार सोडावं लागलं आणि त्या धावपळीत, तात्पुरत्या निवाऱ्यात, औषधपाण्यावाचून म्हातारीकोतारी माणसं गेली ती वेगळीच. म्हणजे अणुअपघातात माणसं मरतात त्यापेक्षा गावं मरतात. ज्याचं सगळं आयुष्य जमिनीत आणि समुद्रात आहे त्याला "मृत्यू फक्त एक" हे ऐकवून काय फायदा?

## किरणोत्सर्ग : हापूसवरून सुरुवात करू

काका म्हणतात आंब्यावर परिणाम होणार. मी म्हटलं काका, अमेरिकेला जो आपला हापूस जातो त्याला आधी गॅमा किरणांच्या समोरून फिरवून आणतात, त्याशिवाय ते लोक घेतच नाहीत. २००७ ला अमेरिकेने आंबा घ्यायला सुरुवात केली तेव्हा पेट्या आधी लासलगावला जायच्या, जिथे कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने युनिट उभं केलं होतं. त्यात असतो कोबाल्ट-६०, तो तयार होतो अणुभट्टीत. काका दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "मग तो आंबा खाल्ला तर?"

काही होत नाही, कारण किरण लागणं आणि किरण सोडणारी वस्तू अंगावर-पोटात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हात वाळवलेल्या पापडातून ऊन बाहेर येत नाही. एक्स-रे काढला म्हणून आपण चमकायला लागत नाही. भीती बाळगायची ती दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे किरणोत्सर्गी धूळ किंवा पाणी पसरलं, ते गवतात गेलं, गाईच्या दुधात आलं, मासळीत आलं.

मोजायचं एकक आहे मिलिसिव्हर्ट. जगात सरासरी माणसाला जमिनीतून, आकाशातून, खाण्यापिण्यातून वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. पोटाचा एक सीटी स्कॅन दहाच्या आसपास. अणुप्लांटमुळे बाहेरच्या लोकांना वर्षाला १ च्या वर जाता कामा नये असा नियम आहे आणि आपल्या प्लांटांभोवतीची मोजमापं त्याच्या बरीच खाली असतात. केरळात करुणागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे, तिथे काही ठिकाणी जगाच्या सरासरीच्या दहापटीहूनही जास्त किरणोत्सर्ग नैसर्गिकरीत्या आहे आणि लोक पिढ्यान् पिढ्या राहतायत. तिरुवनंतपुरमच्या कॅन्सर सेंटरने तिथल्या जवळपास ७० हजार लोकांचा दहा वर्षं पाठपुरावा करून २००९ ला निष्कर्ष मांडले, कॅन्सर जास्त आढळला नाही.

हे सगळं खरं असूनही "घाबरू नका" एवढ्यावर विषय संपत नाही. गोव्याच्या सीमेपासून खाली कारवारजवळ कैगा आहे. तिथल्या पहिल्या भट्टीने २०१८ मध्ये सलग ९६२ दिवस न थांबता चालून तेव्हाचा जागतिक विक्रम केला. त्याच कैगात १९९४ ला बांधकाम चालू असताना घुमटाचा काँक्रीटचा थर आतून कोसळला होता, आणि २००९ ला कोणीतरी आतल्याच माणसाने पिण्याच्या वॉटर कूलरमध्ये किरणोत्सर्गी जड पाणी मिसळलं, पन्नासच्या वर कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेलं. मशीन जगात एक नंबर आणि पाण्याच्या कूलरला राखण नाही. किरणोत्सर्गाने माणूस दगावल्याची जी घटना आपल्याकडे गाजली ती तर प्लांटमधली नाहीच, २०१० ला दिल्लीत विद्यापीठाच्या लॅबमधलं जुनं उपकरण भंगारात विकलं गेलं आणि मायापुरीच्या भंगारवाल्यांनी ते उघडलं. अणुशास्त्र शिकवणाऱ्या देशात ते यंत्र भंगारात गेलंच कसं, हे विचारणाऱ्या माणसाला विज्ञानविरोधी म्हणू नये.

## युरेनियम आपलं की परक्याचं

आपल्याकडे युरेनियम आहे, पण पातळ. झारखंडमध्ये जादुगुडाची खाण १९६७ पासून आहे, तिथलं एक टन खनिज फोडलं की युरेनियम निघतं अर्धा किलोच्या आसपास, कधी त्याहून कमी. कॅनडातल्या काही खाणींत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे टनाला शंभर किलो. आणि उरलेला चोथा? त्याचा रबडा करून मोठ्या तळ्यांमध्ये सोडतात. जादुगुडाच्या आदिवासी वस्त्यांतून त्या तळ्यांबद्दल आणि आजारांबद्दल तक्रारी कित्येक वर्षं चालू आहेत, कंपनी म्हणते संबंध नाही. मेघालयात दोमियासियातला चांगला साठा सापडला, खासी लोकांनी आणि तिथल्या विद्यार्थी संघटनेने खाण होऊ दिली नाही. तेलंगणात नल्लमलाच्या जंगलात फक्त सर्व्हे करायचं ठरलं तर एवढा गदारोळ झाला की सप्टेंबर २०१९ ला विधानसभेनेच विरोधाचा ठराव केला. शहरातला माणूस अणुवीज म्हणजे स्वच्छ वीज म्हणतो, पण ती स्वच्छता मीटरच्या बाजूने बघितलेली असते, खाणीच्या बाजूने वेगळं दिसतं.

मग बाहेरून आणायचं. त्याचीही एक गोष्ट आहे. तारापूर १-२ अमेरिकेने बांधून दिलं होतं, इंधन पुरवायचा करारही होता. १९७४ ला पोखरणला आपण चाचणी केली आणि अमेरिकेने हळूहळू हात आखडता घेतला, मग फ्रान्स, चीन, रशिया असं ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून इंधन आणून तारापूर चालवलं. दारं बंद असताना २००८ च्या आसपास अशी वेळ आली होती की देशातल्या भट्ट्या चालू स्थितीत असून निम्म्या क्षमतेवर चालवाव्या लागल्या, कारण घालायला युरेनियमच नाही. घर बांधलं, गॅस शेगडी घेतली आणि सिलेंडर नाही. त्या वर्षीच्या अमेरिकेबरोबरच्या अणुकराराने, ज्यावरून डाव्यांनी सरकारचा पाठिंबा काढला तो, ही कोंडी फुटली. तेव्हापासून कझाकस्तान, रशिया, कॅनडा, उझबेकिस्तानातून युरेनियम येतं. मात्र ते ज्या भट्ट्यांत जातं तिथे आंतरराष्ट्रीय संस्थेचे इन्स्पेक्टर हिशोब बघायला येतात, बॉम्बसाठी वळवता येत नाही.

थोरियमचं स्वप्न होमी भाभांनी १९५० च्या दशकात दाखवलं, आपल्या किनाऱ्यांवर ते भरपूर आहे. पण थोरियम म्हणजे ओलं लाकूड, आधी दुसऱ्या विस्तवावर वाळवल्याशिवाय पेटत नाही. तो दुसरा विस्तव म्हणजे कल्पाक्कमची फास्ट ब्रीडर भट्टी, तिचं बांधकाम २००४ ला सुरू झालं आणि भट्टीचा गाभा भरायला सुरुवात व्हायलाच मार्च २०२४ उजाडला. एवढ्यावरून अंदाज घ्या.

## आता काकांचा प्रश्न

समजा लग्न आहे आणि जेवणातून विषबाधा झाली. पाहुणा कोणाला धरणार? केटररला. पनीर ज्या डेअरीचं होतं तिला पाहुणा शोधत बसणार नाही. केटररने पाहुण्यांचं दवाखान्याचं बिल भरावं आणि पनीर खराब होतं असं निघालं तर डेअरीकडून वसूल करावं, बरोबर?

अणुअपघाताचे कायदे जगभर असेच असतात. प्लांट चालवणारा, म्हणजे ऑपरेटर, तो केटरर. भट्टी बनवून देणारी कंपनी म्हणजे सप्लायर, ती डेअरी. चूक कोणाची हे गावकऱ्याला सिद्ध करावं लागत नाही, नुकसान दाखवलं की ऑपरेटरने द्यायचं. हा भाग चांगला आहे, जुन्या कायद्यात होता आणि नव्यातही आहे.

भांडण आहे डेअरीवरून. २०१० च्या कायद्यात कलम १७(ब) होतं, माल सदोष असेल तर ऑपरेटर सप्लायरकडून वसूल करू शकतो. हे कलम कुठून आलं ते तारखा पाहिल्या की कळतं. जून २०१० ला भोपाळच्या वायुकांडाचा निकाल लागला, साडेपंचवीस वर्षांनी, आणि अधिकाऱ्यांना झाली दोन वर्षांची शिक्षा, तीही लगेच जामीन. कंपनीने १९८९ ला ४७ कोटी डॉलर देऊन विषय मिटवला होता. देश संतापलेला होता, आणि ऑगस्टमध्ये हा कायदा संसदेत मंजुरीला आला. खासदारांना ते कलम घालावंच लागलं.

त्यानंतर अमेरिकन आणि फ्रेंच कंपन्या पंधरा वर्षं दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. देशी सप्लायरसुद्धा कुरकुरत होते. "आम्ही व्हॉल्व्ह पुरवणार आणि चाळीस वर्षांनी कोणी आम्हाला धरणार?" शांती कायद्याने ते कलम काढलं. आता सप्लायरकडून वसुली करता येईल ती करारात तसं लिहिलेलं असेल तरच, किंवा कोणी मुद्दाम घातपात केला असेल तर.

सरकारची बाजू अशी की जगात बहुतेक ठिकाणी असंच आहे आणि सप्लायरवर जोखीम टाकली तर तो ती किमतीत लावून आपल्याकडूनच वसूल करतो. यात तथ्य आहे, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला सप्लायरच्या कलमापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त खटकते. ती म्हणजे रक्कम.

ऑपरेटरने किती द्यायचं याला वर मर्यादा आहे. आधी मोठ्या प्लांटला १,५०० कोटी होती, आता भट्टीच्या आकारानुसार टप्पे केलेत, सगळ्यात लहान भट्टीला १०० कोटी आणि सगळ्यात मोठीला ३,००० कोटी. जैतापूरसाठी ज्या भट्ट्या ठरल्यात त्या वरच्या टप्प्यात बसतात, आपली नेहमीची ७०० मेगावॅटवाली १,५०० कोटीतच राहते. त्याच्या वर सरकार भर घालणार, आणि कायद्यात एकूण आकडा धरलाय तो आजच्या दराने साधारण साडेतीन-चार हजार कोटी. फुकुशिमाचा एकूण खर्च, म्हणजे भरपाई, साफसफाई, भट्ट्या मोडणं हे सगळं, जपान सरकारने २०१६ ला धरला होता २१.५ लाख कोटी येन. येनला अर्धा रुपया धरला तरी दहा लाख कोटी रुपयांच्या वर जातं. इथे हजार कोटी, तिथे लाख कोटी. फुकुशिमासारखं होण्याची शक्यता फार कमी आहे, मान्य, पण शक्यता एवढीच कमी असेल तर मर्यादा एवढी खाली ठेवायचं कारण काय, हा सरळ प्रश्न आहे आणि त्याला सरळ उत्तर मला तरी कुठे वाचायला मिळालेलं नाही.

एक गोष्ट बरी झाली. सुरक्षेवर लक्ष ठेवणारं मंडळ १९८३ पासून आहे पण ते अणुऊर्जा खात्याच्याच छत्राखाली होतं, म्हणजे सासूची तक्रार सासूकडेच. आता त्याला कायद्याने स्वतःचा दर्जा दिलाय. पण माहिती गुप्त ठेवायची सोय जुन्या कायद्यात होती तशी नव्यातही ठेवलीये, तेव्हा मंडळ काय बघतंय ते आपल्याला किती दिसेल ते दिसेलच.

## सोलार स्वस्त असताना हे हवंच कशाला?

सोलारने १ लाख मेगावॅटचा टप्पा २०२५ च्या जानेवारीतच ओलांडला, म्हणजे अणुविजेचं २०४७ चं टार्गेट सोलारने आधीच गाठलंय. पण क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यात फरक आहे. सोलार पॅनल दिवसरात्र मिळून क्षमतेच्या वीस टक्क्यांच्या आसपास देतं, अणुभट्टी ऐंशीच्या वर. शिवाय आपला लोड चढतो संध्याकाळी सातला, दिवे, एसी, मिक्सर सगळं एकदम, तेव्हा सूर्य नसतो. बॅटऱ्या स्वस्त होतायत आणि त्या जितक्या होतील तितका अणुविजेचा हा मुद्दा बारीक होत जाईल. आज तरी रात्रीची वीज कोळशाची आहे, आणि कोळशाने रोज किती माणसं खोकतात ते चंद्रपूरकरांना विचारा. जर्मनीने एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या, शेजारच्या फ्रान्सची साधारण दोन तृतीयांश वीज आजही अणूची आहे. दोन्ही शहाणी माणसं आहेत, म्हणजे याचं एकच बरोबर उत्तर असतं असं नाही.

कचऱ्याचंही विचारतात म्हणून सांगतो. वापरलेलं इंधन आपण फेकत नाही, मुंबईत ट्रॉम्बेला आणि तारापूर, कल्पाक्कमला त्यातून कामाचा माल काढून घेतात, उरतो तो जहाल भाग काचेत मिसळून, स्टीलच्या डब्यांत बंद करून ठेवतात. आकाराने तो फार कमी असतो, वयाने मात्र आपल्या सगळ्या राजघराण्यांपेक्षा जास्त टिकणारा. हजारो वर्षांसाठी खोल जमिनीत कुठे पुरायचा ते आपल्याकडे ठरलेलं नाही.

## कोकणाचा विरोध नक्की कशाला आहे

मुंबई-पुण्यात बसून "कोकणी माणूस प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतो" असं म्हणणं सोपं आहे. नव्वदच्या दशकात गुहागरला एन्रॉन आलं. आधी करार, मग "समुद्रात बुडवू" म्हणणाऱ्यांचं सरकार, मग त्यांनीच नव्याने केलेला करार, मग १९९९ ला वीज सुरू, मग ती परवडेना म्हणून २००१ ला बंद, आणि त्याच वर्षाअखेर कंपनीचं अमेरिकेत दिवाळं. ज्यांनी जमिनी दिल्या आणि लाठ्या खाल्ल्या त्यांना यातलं काहीच विसरता येत नाही. तारापूर ३-४ साठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठवली, त्यांचे पुनर्वसनाचे वाद हायकोर्टापर्यंत गेले. भट्टी नीट चालली, गावांचं नीट झालं नाही.

या पार्श्वभूमीवर जैतापूर आलं. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, वरीलवाडा, साधारण ९३८ हेक्टर. सहा फ्रेंच भट्ट्या, मिळून दहा हजार मेगावॅटच्या आसपास, जगातला सगळ्यात मोठा प्लांट म्हणून. पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०१० ला, ३५ अटी घालून. मार्चमध्ये फुकुशिमा झालं, आणि १८ एप्रिल २०११ ला नाट्याला गोळीबार झाला, एक मच्छीमार गेला. जमिनीची भरपाई २०१३ ला हेक्टरी साडेबावीस लाखांवर नेली, बऱ्याच जणांनी चेक घेतले, काहींनी शेवटपर्यंत घेतले नाहीत. मच्छीमारांना तर भरपाईच्या हिशोबात बसवणं कठीण कारण समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर नसतो, आणि भट्टी थंड करून सोडलेलं काही अंश गरम पाणी आधी लागणार ते त्यांच्याच जाळ्याला.

आणि एवढं होऊन कामाला सुरुवात नाही. फ्रेंच कंपनीने ऑफर दिली २०२१ ला, अंतिम करार झालेला नाही. याच जातीची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला २००७ ला बांधायला घेतली, सव्वातीन अब्ज युरोत होणार होती, ती ग्रीडला जोडली डिसेंबर २०२४ ला आणि खर्च गेला १३ अब्जांच्या वर. त्यांच्या स्वतःच्या घरात सतरा वर्षं! मला विचाराल तर जैतापूर रखडण्यात आंदोलनापेक्षा या हिशोबाचा वाटा मोठा असावा, पण खापर फुटतं ते गाववाल्यांवर.

हे सगळं मी काकांना सांगितलं, अर्थात इतक्या क्रमाने नाही, मध्ये दोनदा चहा झाला. त्यांनी ३,००० कोटींचा आकडा ऐकला, आणि उठून आतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. त्यात फळपीक विम्याचे कागद. मागे एका वर्षी मोहोरावर अवकाळी पडला, सगळा मोहोर काळा, बाग रिकामी. विमा होता, हप्ता भरलेला होता. पण भरपाई ठरते ती महसूल मंडळाच्या ठिकाणच्या हवामान केंद्रावर किती पाऊस नोंदला त्यावरून, आणि ते केंद्र डोंगराच्या पलीकडे. तिथे त्या दिवशी ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी पडला होता.

"आमच्यात किरण मोजायचं मशीन कुठे लावणार आहेत," काकांनी विचारलं, "अलीकडे की पलीकडे?"